नखाएवढी जागा

यावर कुणी विश्वास ठेवणार नाही, पण रेल्वेच्या वेळापत्रकातल्या छपाईच्या एका चुकीमुळे एक गाडी सुटण्याआधी अकरा मिनिटं पोचत असे, आणि त्या गाडीने प्रवास केलेला पृथ्वीच्या पाठीवरचा एकुलता एक माणूस म्हणजे गप्पीदास. मुक्कामी उतरून, फलाटावरच्या नळावर तोंड धुऊन, चहा संपवून तो बाकावर टेकला, तेव्हा कुठे ती गाडी पलीकडून सुटल्याची घंटा झाली. वाचनालयाच्या शनिवारच्या बैठकीत ही गोष्ट त्याने निदान वीस वेळा सांगितली होती. ग्रंथपाल बाई दर वेळी विचारायच्या, "काका, मग परतीचं तिकीट?" आणि तो दर वेळी खिसा चाचपून म्हणायचा, "काढलं होतं. पण घरी येतो तर मी आधीच जेवायला बसलेलो. मग फाडून टाकलं."

गप्पीदास हे नाव त्याला छापखान्यात पडलं. तिथे त्याने एक्केचाळीस वर्षं प्रुफं तपासली. लग्नपत्रिका, बियाण्यांच्या याद्या, औषधांच्या बाटल्यांवरची चिटोरी, जे पुढ्यात पडेल ते. अर्थात मन गुंतलं की चूक डोळ्यांदेखत निसटते, म्हणून तो प्रत्येक ओळ एकदा सुलटी आणि एकदा उलटी, शेवटच्या शब्दाकडून पहिल्याकडे अशी वाचायचा. या सवयीपायी आपण जेवायला बसल्यावर आधी ढेकर देतो आणि मग पहिला घास घेतो, असं तो सांगे. एकदा त्याच्या टेबलावरून एक स्वल्पविराम खाली पडला आणि छापखान्याच्या मांजराने तो गिळला, तेव्हापासून ते मांजर दर दोन म्यावांनंतर थांबायचं, हेही त्याचंच.

लोक ऐकायचे, हसायचे, दुसऱ्या दिवशी दुसऱ्यांना सांगायचे. विश्वास कुणी ठेवत नसे आणि त्याचीही तशी अपेक्षा नसे. पण त्याच्या आयुष्यभराच्या थापांमध्ये एक थाप अशी होती, की तिच्यावर कधी कुणी हसलं नव्हतं. ती सगळ्यांनी खरी मानली होती. गप्पीदास अनाथ आहे, ही ती थाप.

दोष त्याचा होता, पण अर्धाच. सतराव्या वर्षी तो छापखान्याच्या दारात उभा राहिला, तेव्हा फोरमनने विचारलं, कुठे वाढलास रे? तो म्हणाला, अनाथगृहात. यात काना-मात्रेचंही खोटं नव्हतं. फोरमनचा चेहरा पाघळला. त्याने आपल्या डब्यातला अर्धा पाव त्याच्यापुढे सरकवला आणि दुसऱ्या दिवसापासून कामावर ये म्हणाला. आई आहे का, असं फोरमनने विचारलं असतं, तर पोराने सांगितलं असतं की आहे, दोन गल्ल्या पलीकडे कुणाचे तरी बटाटे सोलत बसली आहे. पण अनाथगृहातल्या मुलाला हा प्रश्न विचारतो कोण? विचारला गेला नाही, सांगितलं गेलं नाही, आणि ते न सांगितलेलं हळूहळू घट्ट होत गेलं. सहा वर्षांनी आई खरोखर गेली, तेव्हा त्याला रजा मागता येईना. अनाथाची आई मरत नसते. अंत्यविधी सकाळी उरकून तो कामावर आला आणि दिवसभर बियाण्यांची यादी तपासत बसला. त्या यादीत एकही चूक राहिली नाही. त्याची ती सर्वांत चोख यादी होती.

तर आई अनाथगृहाची स्वयंपाकीण होती. नदीकाठी लांबट इमारत, खाली साठ खाटांचं मोठं दालन, टोकाला स्वयंपाकघर आणि स्वयंपाकघरावर लाकडी जिन्याची एक खोली. त्या खोलीत आई आणि तो. लढाईची वर्षं होती. कुणाचे आईबाप लढाईत गेलेले, कुणाचे साथीत, कुणाचे कशात गेले हे सांगायलाही कुणी उरलेलं नाही, अशी मुलं बैलगाड्यांतून यायची. आली की आधी डोकी भादरली जायची, उवांच्या भीतीने. मुलगे, मुली, सगळे तुळतुळीत. त्या साठ डोक्यांमध्ये केस असलेलं एकच डोकं होतं. मुलं त्याला केसवाला म्हणायची. मुलांना जेवण दालनात गार होऊन मिळे, केसवाल्याला चुलीजवळ गरम. याबद्दल कुणी त्याला कधी मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं, असं त्याला पुढे अनेकदा वाटलं.

मुलं खाटांवर चढून नदीतल्या नावा बघत बसतात, शिवणकामात लक्ष देत नाहीत, म्हणून अधीक्षकांनी एकदा हुकूम काढला की दालनाच्या सगळ्या काचा पांढऱ्या रंगवायच्या. खाट आणि भिंत यांच्या फटीत मावेल असं माणूस हवं होतं. स्वयंपाकीणबाईचा नऊ वर्षांचा पोरगा मावला. त्याने दोन दिवसांत बारा खिडक्या रंगवल्या. हातात ब्रश, समोर कोरी काच आणि मागे बघणारी मुलं. त्याला मोठं राज्य मिळाल्यासारखं वाटत होतं. शेवटच्या खिडकीशी एक मुलगी येऊन उभी राहिली. त्याच्याहून मोठी, डोकं इतरांसारखंच भादरलेलं. हळूच म्हणाली, खालच्या कोपऱ्यात नखाएवढी जागा सोड, कुणाला कळणार नाही. त्याने तिच्याकडे बघितलं, डब्यात ब्रश बुडवला आणि त्या कोपऱ्यावरून दोनदा फिरवला.

ती कोण, कशी दिसायची, काही आठवत नव्हतं. भादरलेल्या डोक्यांना चेहरे नसतात, निदान केसवाल्यांच्या आठवणीत तरी नसतात. पण तो कोपरा मात्र पासष्ट वर्षं त्याच्या डोळ्यांसमोर होता.

निवृत्त झाल्यावर माणसं बाग करतात, गुडघे चोळतात. गप्पीदासाने कादंबरी लिहायला घेतली. उभा जन्म दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात गेला, आता आपल्या स्वतःच्या करून बघू, असं तो म्हणायचा. छापखान्यातून येताना त्याने दोन पोती पाठकोरे कागद आणले होते. त्या पाठीमागच्या कोऱ्या बाजूंवर तो चौदा वर्षं लिहीत होता. पुढून कुणाच्या लग्नाचं आग्रहाचं आमंत्रण, मागे साथीत आई गेलेलं पोर. पुढून कांद्याचं बी, मागे अनाथगृहाची पहिली रात्र. वाचनालयाच्या माळ्यावरची त्या वर्षांची वर्तमानपत्रं त्याने घडी घडी उलगडून वाचली. मुलांच्या अंगाला कोणता साबण लावत, घोंगड्या किती जाड होत्या, पावात भुसा किती मिसळत, सगळं गोळा केलं. जुन्या पुस्तकांच्या दुकानात त्याला अनाथगृहाचा एक वार्षिक अहवाल सापडला. त्यात साठ भादरलेल्या डोक्यांचा फोटो होता. फोटोच्या वेळी आईने त्याला हाक मारून आत बोलावून घेतलं होतं, त्यामुळे त्यात तो नव्हता. तरी लोकांना तो कधी तिसऱ्या रांगेतला पाचवा दाखवायचा, कधी दुसऱ्या रांगेतला शेवटचा. हटकलं कुणी, तर म्हणायचा, टकलावरून माणूस ओळखणं सोपं नसतं, अगदी स्वतःला सुद्धा.

लिहिताना एक अडचण आली. कादंबरी अनाथ मुलाच्या तोंडून होती, आणि अनाथ मुलाच्या नजरेतून स्वयंपाकीण कशी दिसेल? पहिल्या खर्ड्यात ती नुसतीच एक बाई होती. ती खरी वाटेना. दुसऱ्या खर्ड्यात तो तिला थोडं लबाड करून बघायला गेला, तर ते प्रकरण एकदम जिवंत झालं. तिसऱ्यात ती मुलांच्या वाट्याचा पाव चोरते, लोणी दडवते, आणि तिला मूलबाळ नाही. असं एका ओळीत त्याने आईला निपुत्रिक केलं आणि स्वतःला पोरकं. ओळ उलटी वाचून बघितली. चूक सापडली नाही.

नावेचं प्रकरण मात्र त्याने ठरवून लिहिलं नव्हतं. ते एका दुपारी आपणहून आलं. एका तीन वर्षांच्या मुलाला पहाटे नदीवर नेतात आणि एका जोडप्याच्या नावेत बसवून देतात. अधीक्षक अशी मुलं परस्पर देत असत. भावंडांची ताटातूट करायची नाही असा नियम होता, म्हणून मागे कुणी भाऊबहीण राहत असेल तर दिलेल्या मुलाच्या नावापुढे तापाने गेला असं लिहून टाकत आणि इमारतीमागे मातीचा एक ढीग करत. कागद स्वच्छ राहत असे. हे सगळं कथेतल्या मुलाला खिडकीतून दिसतं. चार पानं त्याने एका बैठकीत लिहिली, आणि चौदा वर्षांत त्या चार पानांवर एकदाही लाल शाई पडली नाही.

प्रकाशकाकडची संपादिका तरुण होती, पण डोळा तिचा तयार होता. तिने समासात एवढंच लिहिलं, कोणती खिडकी? आधीच्या प्रकरणात तर काचा रंगवल्यात ना? गप्पीदासाने तिला फोनवर दोन मांजरांच्या आणि एका गाडीच्या गोष्टी सांगितल्या. तिला हसवलं, आणि शेवटी म्हणाला, पोरी, वाचक खिडक्या मोजत नाहीत. मग काचा रंगवायचं प्रकरणच त्याने काढून टाकलं. खाई त्याला खवखवे. ते काढल्यावर दोन दिवस त्याला झोप नीट लागली नाही.

पुस्तक आलं आणि चाललं. लोक पत्रं पाठवत. शाळांतून बोलावणी येत. तिथे तो अनाथ म्हणून उभा राहायचा, आणि मुलं कधी नव्हे इतकी शांत बसायची. अनाथगृहाची इमारत पाडायची सोडून तिथे वाचनकक्ष करायचं ठरलं, दारावर तिथे वाढलेल्या मुलांच्या नावांची फरशी बसणार होती, आणि पहिलं नाव गप्पीदासाचं असावं असं ग्रंथपाल बाईंनी मनावर घेतलं होतं. त्याने दोनदा नको म्हटलं. तिसऱ्यांदा गप्प राहिला. बाई म्हणाल्या, काकांचा विनय बघा. विनय म्हणून त्याने काय काय खपवलं होतं!

एका शनिवारी बैठकीला एक अनोळखी म्हातारी आली. काठी नाही, चष्मा नाही, पाठ ताठ. तिने हॉटेलांच्या चादरी आणि लोकांचे सदरे यांना चाळीस वर्षं इस्त्री केली होती. गल्लीत तिला इस्त्रीबाई म्हणत, तिने आपली ओळखही तशीच करून दिली. बसण्याआधी तिने गप्पीदासाकडे न्याहाळून बघितलं.

"कॉलर टोकांकडून मध्ये आणायची असते," ती म्हणाली. "तुम्ही मधून टोकांकडे नेलीत. म्हणून ती सुरकुती पडलीय."

लोक हसले. गप्पीदासही हसला, पण आतून जरा चरकला. एक्केचाळीस वर्षं दुसऱ्यांची प्रुफं तपासलेल्या माणसाचं प्रूफ असं चारचौघांत पहिल्यांदाच कुणी तपासलं होतं.

इस्त्रीबाईंनी पिशवीतून कादंबरी काढली. मळकट कागदाचं कव्हर घातलेलं, पण आतली पानं विचित्र सपाट आणि थोडी तपकिरी. शेजारच्या पोरीने पुस्तकावर पाण्याचा तांब्या सांडला होता, म्हणून त्यांनी एकेक पान वेगळं करून, वर पातळ फडकं धरून, मंद इस्त्रीने वाळवलं होतं. दोनशे ऐंशी पानं. नावेचं प्रकरण जरा जास्त तपकिरी झालं होतं. तिथे इस्त्री थांबली होती, त्या म्हणाल्या.

मग त्यांनी सांगितलं ते थोडक्यात असं. त्याही त्याच अनाथगृहातल्या. बाराव्या वर्षी धाकट्या भावाला घेऊन तिथे आल्या. भाऊ तीन वर्षांचा. त्याला भीती वाटली किंवा झोप आली की तो स्वतःचा उजवा कान धरायचा. एकदा त्या पहाटेची कामं आटपून दालनात आल्या तर त्याची खाट रिकामी. तापाने गेला, असं अधीक्षकांनी सांगितलं आणि मागचा मातीचा ढीग दाखवला. तिथून सुटेपर्यंत त्या दर रविवारी त्या ढिगावर जे मिळेल ते फूल ठेवत होत्या. सुटल्यावरही वर्षातून एकदा जात राहिल्या. सरकारी कचेरीत विचारून झालं, तिथेही मृत अशीच नोंद. आणि गेल्या महिन्यात या पुस्तकात एक मूल नावेत बसलं आणि त्याने आपला कान धरला.

ग्रंथपाल बाईंनी पंखा उगाच एकने कमी केला.

गप्पीदासाच्या पाचावर धारण बसली, आणि अशा वेळी त्याचं तोंड आपोआप सुटायचं. तो म्हणाला की कान धरणारी मुलं जगात पुष्कळ असतात, त्याच्या ओळखीचा एक वकील तर दुसऱ्याचा कान धरून झोपायचा आणि त्या दुसऱ्याने शेवटी त्याच्यावर दावा लावला. दोघं-तिघं सवयीने हसले. इस्त्रीबाई हसल्या नाहीत. रागावल्याही नाहीत. सदऱ्यावरचा डाग जातो की राहतो हे बघावं तशा त्याच्याकडे बघत राहिल्या.

"मला एवढंच विचारायचंय," त्या म्हणाल्या. "हे तुम्ही मनानं लिहिलंत, की बघितलंत?"

"कादंबरी आहे ती, बाई. कादंबरीत दोन्ही असतं."

"असेल. मला कादंबरीचं नको. पासष्ट वर्षं मी रिकाम्या ढिगावर फुलं ठेवली की भरलेल्या, तेवढं सांगा."

त्याच्या लक्षात आलं की या बाईंना त्याच्याकडून गोड काही नको आहे. मनानं लिहिलं म्हटलं असतं तर त्या पुस्तक पिशवीत घालून उठल्या असत्या आणि पुढच्या वर्षी पुन्हा त्या ढिगाशी गेल्या असत्या. बघितलं म्हटलं, तर त्या विचारणार होत्या, कुठून? आणि त्या दालनात झोपलेल्या माणसाला काचा रंगवलेल्या होत्या हे सांगायला नको. चौदा वर्षं कागदावर एकेक काढून टाकून टाकून त्याने जे घर उभं केलं होतं, त्याची एकच वीट या बाईंच्या हातात होती. ती ओढली की अनाथगृहातली त्याची खाट कोसळणार. मागोमाग फोरमनचा अर्धा पाव, शाळेतली शांत बसलेली मुलं, दारावरच्या फरशीवरचं पहिलं नाव. आणि मग कुणीतरी विचारणार, तुमची आई कोण? तर ती, पुस्तकातली, पाव चोरणारी.

चूक दिसली तर ती दुरुस्त करायचीच, लेखकाला राग येवो की न येवो, हे त्याने जन्मभर पाळलेलं एकमेव व्रत. तो खुर्चीत सरळ बसला.

"यावर कुणी विश्वास ठेवणार नाही," तो सवयीने म्हणाला, पण या वेळी हसायला कुणी पुढे झालं नाही. मग त्याने डोळे मिटले आणि सांगायला सुरुवात केली.

ऊन अजून पलीकडच्या काठावर उतरलं नव्हतं. पायऱ्यांशी एक सपाट बुडाची नाव बांधलेली, तिच्यात नावाडी आणि एक जोडपं. माणसाच्या डोक्यावर मोठी हॅट, बाईच्या अंगावर हिरवी शाल. अधीक्षक स्वतः मुलाला घेऊन उतरले, बोट धरून नाही, फाइल धरावी तसं काखेत. मुलाचा एक हात मोकळा होता आणि त्या हाताने त्याने आपला कान घट्ट धरला होता. उजवा. नावेत बसवल्यावर तो रडायच्या बेतात आला, तेव्हा त्या माणसाने आपली हॅट काढून त्याच्या डोक्यावर ठेवली. ती थेट हनुवटीपर्यंत आली. आतमध्ये काही क्षण शांतता. मग एका हाताने हॅटची कड वर उचलली गेली आणि मूल हसलं. नावाड्याने त्याच्या हातात दोराचं टोक दिलं, जसं काही नाव तोच हाकणार होता. दोर धरायला हात हवा म्हणून त्याने कान सोडला.

इस्त्रीबाईंचा तळहात पानावर फिरत होता तो थांबला. पुस्तकात मूल कान सोडत नाही.

"आणि मग," गप्पीदास म्हणाला, "स्वयंपाकीणबाई धावत पायऱ्या उतरली. अनवाणी. फडक्यात गरम पाव बांधलेला. नाव सुटली होती, तर गुडघाभर पाण्यात शिरली आणि गाठोडं नावेत टाकलं तिने. अधीक्षक ओरडले तिच्यावर. तिने वळूनही बघितलं नाही."

"पुस्तकात हे नाही."

"नाही."

"पुस्तकात ती बाई पाव चोरते."

"पुस्तकात," तो म्हणाला. "तिने कधी चोरला नाही. आमच्या वाट्याला काही उरायचं नाही इतका वाटायची ती."

त्याच्या तोंडून "आमच्या" गेलं, हे त्याच्या लक्षात आलं, बाकी कुणाच्या आलं नसावं. खिडकीतून दिसतं ते खिडकीतच ठेवायचं, असं आई त्या दिवशी ओला परकर पिळता पिळता म्हणाली होती. नोकरीचा प्रश्न होता. त्याने ते पासष्ट वर्षं ठेवलं होतं, खिडकीसकट.

इस्त्रीबाई थोड्या पुढे झुकल्या. आता त्यांचे डोळे डाग बघत नव्हते.

"तुम्ही कुठून बघत होतात?"

उत्तर तीन शब्दांचं होतं. वरून, आईच्या खोलीतून. ते त्याच्या जिभेवर येऊन बसलंही होतं. पण जन्माची सवय अशी, की ती ओळ शेवटाकडून निघाली.

"खोलीतून," तो म्हणाला.

इथवर सगळं खरं होतं. खोली हा शब्द बाहेर पडला आणि ग्रंथपाल बाई त्याच्याकडे इतक्या आपुलकीने बघत होत्या, आणि पुढच्या खुर्चीतल्या कुणाचे डोळे ओले झाले होते. पुढचे दोन शब्द मागेच राहिले. त्यांच्या जागी दुसरं काहीतरी घरंगळत आलं. ती थापही नव्हती खरं तर, निदान त्याला तशी वाटली नाही. पासष्ट वर्षांत त्याने जगातल्या कुठल्याही गोष्टीपेक्षा जास्त वेळा तीच गोष्ट मनात दुरुस्त केली होती.

"आमच्या खोलीतून, मुलांच्या," तो म्हणाला. "शेवटची खिडकी. काचांना पांढरा रंग होता हे तुम्हाला माहीत असेलच. पण खालच्या कोपऱ्यात रंगवणाऱ्याने नखाएवढी जागा सोडली होती. कुणाला कळू न देता. दयाळू होतं बिचारं पोर. तिथे डोळा लावला की अख्खी नदी दिसायची."

बोलून झाल्यावर त्याला हलकं वाटलं. ती काच, तो कोपरा, तो एवढासा उजेडाचा ठिपका, सगळं जागच्या जागी बसलं. ग्रंथपाल बाईंनी डोळे टिपले.

इस्त्रीबाईंनी पुस्तक मिटलं. त्या त्याच्या कॉलरकडे नाही, डोक्याकडे बघत होत्या, कानांच्या वर उरलेल्या पांढऱ्या केसांकडे. खूप वेळ बघितलं त्यांनी. मग बोलल्या, आणि शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात बोलल्या.

"खोटं आहे हे. ती जागा मीच मागितली होती. तू सोडली नाहीस, केसवाल्या, दोनदा ब्रश फिरवलास तिच्यावर. त्या खोलीतून आमच्यातल्या कुणालाही पुन्हा कधी नदी दिसली नाही. नदी दिसायची ती फक्त तुझ्या आईच्या खोलीतून." त्या श्वास घ्यायला थांबल्या. "म्हणजे बघितलंस तू."